विकलांगता पेन्शन नाकारली? कंबर आणि नसांच्या दुखण्यासाठी अपील असं करा

कंबरेतली चकती सरकलेली आहे, डाव्या पायाला मुंग्या येतात, आणि रेकॉर्ड ऑफिसचं पत्र म्हणतं की या दुखण्याचा लष्करी सेवेशी संबंध नाही. ठीक आहे. पत्र बाजूला ठेवा, चहा घ्या आणि टेबल रिकामं करा. काम वाटतं तेवढं अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. इथल्या पायऱ्या भूदलातले जवान, एनसीओ आणि जेसीओ यांच्यासाठी लिहिल्या आहेत. नौदल आणि हवाई दलातही वाट साधारण हीच, पत्ते तेवढे वेगळे.

साहित्य: एक बॉक्स फाइल, एक जाड वही, लाल आणि निळं पेन, प्लास्टिकचे पाऊच, चिकटचिठ्ठ्या, आणि घरातलं टायपिंग येणारं एक माणूस. मुलगी किंवा सून असेल तर तिला आत्ताच हाक मारा.

१. कागदांचे चार गठ्ठे करा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ पहिल्यात. नोकरीतले दवाखान्याचे कागद दुसऱ्यात. निवृत्तीनंतरचे रिपोर्ट तिसऱ्यात. पेन्शन नाकारल्याची पत्रं चौथ्यात. मूळ कागदाला पंच मारू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको.

२. नकारपत्र हातात पडलं ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पत्रावर छापलेली तारीख वेगळी, पोस्टमननं आणून दिलं ती वेगळी. पाकीट फेकलं नसेल तर शिक्क्यासकट जपून ठेवा, पुराव्याला तेच लागतं.

३. त्या तारखेपासून सहा महिने मोजा आणि कॅलेंडरवर लाल गोल करा. पहिलं अपील याच्या आत जायला हवं. मुदत कधीच उलटून गेली असेल तरी फाइल बंद करू नका. पायऱ्या सगळ्या करा, तुमचा इलाज १८व्या पायरीत आहे.

४. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्ज टाका. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं सागरला, चिलखती दलाचं अहिल्यानगरला. अर्जात नाव, आर्मी नंबर, हुद्दा, युनिट आणि निवृत्तीची तारीख घाला आणि पुढचे कागद नावानिशी मागा:
– भरतीच्या वेळच्या तपासणीचा फॉर्म, एएफएमएसएफ-२ए
– कॅटेगरी खाली आली तेव्हाचे सगळे बोर्ड, एएफएमएसएफ-१५
– रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्डाचा फॉर्म, एएफएमएसएफ-१६
– इजा झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, आणि चौकशी झाली असल्यास कोर्ट ऑफ एन्क्वायरीची प्रत
– पेन्शन नाकारण्याचा आदेश, त्यावरच्या टिपणीसह

‘माझी पेन्शन का नाकारली?’ असा प्रश्न या अर्जात विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

५. लाल गोल जवळ आला असेल तर एक पानी अपील आजच पाठवा. त्यात एवढंच लिहा: आदेश मान्य नाही, अपील करत आहे, कागद मागवले आहेत, सविस्तर निवेदन मागाहून देतो. कागदांची वाट बघत मुदत घालवली अशी प्रकरणं फार.

६. कागद आले की आधी २ए उघडा. पाठीचा कणा, हातपाय, मज्जासंस्था यांच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. सगळीकडे ‘नॉर्मल’ असेल तर तिथे पिवळी चिकटचिठ्ठी लावा. भरतीच्या दिवशी कंबर धडधाकट होती, याचा सरकारच्याच हातचा हा कागद आहे आणि अपिलाचा पाया तोच.

७. आता १६ नंबरचा फॉर्म उघडा आणि डॉक्टरांच्या मताचा तक्ता शोधा. एका बाजूला दुखण्याची नावं: पीआयव्हीडी, लम्बर स्पॉन्डिलोसिस, रॅडिक्युलोपॅथी वगैरे. पुढे ‘अ‍ॅट्रिब्युटेबल’ म्हणजे सेवेमुळे उद्भवलं का, ‘अ‍ॅग्रॅव्हेटेड’ म्हणजे सेवेमुळे बळावलं का, आणि ‘नॉट कनेक्टेड’ म्हणजे काहीच संबंध नाही का. त्यापुढे कारण. टक्केवारी वेगळ्या तक्त्यात असते, तीही शोधा. तीन-चार दुखणी असतील तर टक्क्यांची साधी बेरीज करू नका, एकत्रित टक्केवारी बोर्ड वेगळी काढतं.

८. तुमचं दार नक्की कुठे बंद झालंय ते ठरवा.
टक्केवारी २० किंवा जास्त, पण ‘संबंध नाही’: तुमची लढाई कारणाशी.
‘संबंध आहे’, पण टक्केवारी २०पेक्षा कमी: तुमची लढाई टक्क्याशी, म्हणजे नव्यानं तपासणी मागायची. पण दुखण्यामुळेच नोकरीतून काढलं असेल, म्हणजे इनव्हॅलिड आउट, तर बाजू बरीच भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयानं सुखविंदर सिंग प्रकरणात (२०१४) अशांची विकलांगता २० टक्क्यांच्या वर धरावी असं म्हटलंय.
पेन्शन चालू आहे, पण २० किंवा ३० टक्क्यांनीच मिळतेय: तुम्हाला वैद्यकीय अपील नकोच, ‘राउंडिंग ऑफ’ हवंय. ५०च्या खालची टक्केवारी ५० धरतात, ५० ते ७५ची ७५, त्यावरची १००. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हे लागू आहे असा राम अवतार प्रकरणाचा निकाल १० डिसेंबर २०१४चा. तुम्ही थेट १३व्या पायरीवर जा आणि मागणी तेवढीच करा.

फरक किती पडतो ते पाहा. शेवटचा हिशेबी पगार ५०,००० असेल तर १०० टक्के विकलांगतेचा भाग पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १५,०००. वीस टक्क्यांना ३,००० होतात, पन्नास धरले की ७,५००. महागाई भत्ता वेगळा.

९. बोर्डानं लिहिलेलं कारण जसंच्या तसं वहीत उतरवा. एखादंच वाक्य असतं, कधी तीन शब्द. पुढचं सगळं अपील त्या वाक्याचं उत्तर आहे. बाकीचे वीस मुद्दे कितीही खरे असले तरी वाचणाऱ्याला थकवतात. आमचे बरेच सुभेदारसाहेब इथेच घसरतात: कारगिल, पदकं, सीओसाहेबांची शाबासकी असं सगळं लिहितात आणि त्या तीन शब्दांना हातच लावत नाहीत.

कंबर आणि नसांच्या बाबतीत नेहमी भेटणारी कारणं तीन, त्यांची उत्तरं अशी तयार करा.

‘दुखणं पीस स्टेशनवर सुरू झालं.’ पीस स्टेशनला येण्याआधी तुम्ही कुठे होतात? सियाचीन, कुपवाडा, ईशान्येकडचं एखादं ठाणं? त्या पोस्टिंगच्या तारखा लिहा. पीस स्टेशनवरही बीपीईटीला पाठीवर वजन घेऊन पाच किलोमीटर धावावं लागत होतं, गोळ्यांच्या पेट्या उचलाव्या लागत होत्या, वनटन चालवावी लागत होती. तुमचं नेमकं काम लिहा, ‘कठीण ड्यूटी’ असं मोघम नको.

‘डीजनरेटिव्ह, म्हणजे वयामुळे झीज.’ मग वय लिहा. पहिल्यांदा एमआरआयमध्ये चकती दिसली तेव्हा तुम्ही चौतीस वर्षांचे असाल तर तो आकडा ठळक करा आणि त्याआधीची वजन उचलण्याची, गाडी चालवण्याची, खंदक खणण्याची वर्षं मोजून दाखवा.

‘इजेची नोंद नाही.’ न पडता, न आपटताही चकती सरकते. अशा वेळी ‘उद्भवलं’वर जोर देऊ नका, ‘बळावलं’ मागा. पहिली नोंद हलकी कंबरदुखी आणि शेवटची नोंद पायाची ताकद गेलेली, असं दिसत असेल तर त्या दोन नोंदींच्या मधली नोकरी हेच तुमचं उत्तर. पेन्शनला ‘बळावलं’ तेवढंच पुरतं.

१०. एका पानावर तारखांचा तक्ता आखा. रकाने पाच: तारीख, युनिट आणि ठिकाण, काम, काय झालं, कुठला कागद. उदाहरणार्थ: ‘मार्च २०११ / फील्ड रेजिमेंट, राजौरी / तोफेवर गनर / गोळा उचलताना कंबरेत कळ, एमआय रूममध्ये तीन दिवस विश्रांती / एमआय रूमची चिठ्ठी, पान ७.’ पाचवा रकाना रिकामा असलेली ओळ तक्त्यात घेऊ नका. आठवणीतली पण कागद नसलेली घटना पुढच्या पायरीसाठी बाजूला ठेवा.

११. कागद नसलेल्या घटनेसाठी सोबत्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. त्या दिवशी तिथे हजर असलेला माणूसच हवा. ‘मला नंतर कळलं’ म्हणणारा नको. त्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि त्या काळात तो त्याच युनिटमध्ये होता हे दाखवणारं त्याच्या डिस्चार्ज बुकचं पान जोडा. मजकूर त्याच्याच शब्दांत राहू द्या. तीन मित्रांची प्रतिज्ञापत्रं शब्दाला शब्द सारखी निघाली की तिन्ही बाद झाली समजा.

१२. आजची तपासणी करून घ्या. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून संदर्भचिठ्ठी घ्या आणि अस्थिरोग किंवा मेंदू-मज्जारोग तज्ज्ञाकडे जा. एमआरआय जुना असेल तर नवा मागा. पायाला बधिरपणा असेल तर नसांची एनसीव्ही-ईएमजी तपासणीही मागा, कारण चकती एमआरआयमध्ये दिसते आणि नस किती काम करते ते एनसीव्हीत. डॉक्टरांना लक्षण नेमकं सांगा. पायाचा अंगठा वर उचलता येत नाही, पावलाचा वरचा भाग बधिर आहे? की चवड्यावर उभं राहता येत नाही, करंगळीकडची कड बधिर आहे? पहिलं असेल तर बहुधा एल-५ची नस, दुसरं असेल तर एस-१ची.

डॉक्टरांच्या पत्रात चार गोष्टी आहेत का बघा: निदान, कणा कुठल्या पातळीवर, तपासणीत काय सापडलं, आणि तुमच्या नोकरीतल्या कामानं हे दुखणं वाढू शकतं का. चौथी गोष्ट लिहून घेण्यासाठी १०व्या पायरीतला तक्ता बरोबर न्या, नाहीतर डॉक्टर कशावरून लिहिणार? आणि एक सूचना अपिलाच्या बाहेरची: बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर फाइल तिथेच टाका आणि त्याच तासाला इस्पितळात जा.

१३. अपील लिहा. हिंदीत किंवा इंग्रजीत, दोन-तीन पानं. गाभ्याचा परिच्छेद साधारण असा:
‘भरतीच्या तपासणीत माझ्या पाठीच्या कण्यात दोष नोंदलेला नाही (पान १). पहिली कंबरदुखी मार्च २०११ मध्ये ड्यूटीवर असताना नोंदली गेली (पान ७). त्यानंतर पाच वर्षं मी त्याच कामावर होतो. २०१६ साली चकती सरकल्याचं निदान झालं आणि माझी कॅटेगरी खाली आणली गेली (पान १२). बोर्डानं दुखणं सेवेशी संबंधित नाही म्हटलं, पण त्याचं वैद्यकीय कारण दिलेलं नाही (पान १९).’
प्रत्येक वाक्यामागे पान नंबर. ज्या वाक्याला पान नंबर देता येत नाही ते खोडा.

१४. निकालांचा एक छोटा परिच्छेद जोडा. धरमवीर सिंग (२०१३) आणि राजबीर सिंग (२०१५) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल पुरेत. भरतीच्या वेळी नोंद नसलेलं दुखणं सेवेतलं धरायचं, आणि तसं नसल्याचं कारण बोर्डानं द्यायचं, हे त्यांचं सार. वीस निकाल चिकटवून फाइल जाड करू नका. तुम्ही २१ सप्टेंबर २०२३ किंवा त्यानंतर निवृत्त झाला असाल तर तुम्हाला २०२३चे नवे पात्रता नियम लागू आहेत. हा परिच्छेद जाणकार वकिलाला दाखवूनच घाला.

१५. शेवटी मागण्या आकडे घालून लिहा. एक, अमुक दुखणं सेवेमुळे उद्भवलेलं किंवा बळावलेलं मानावं. दोन, त्याची विकलांगता पेन्शन निवृत्तीच्या तारखेपासून द्यावी. तीन, टक्केवारी राउंडिंग ऑफ करावी. चार, गरज वाटल्यास अपील मेडिकल बोर्ड बोलवावं. कंबर आणि ब्लडप्रेशर अशी दोन दुखणी असतील तर प्रत्येकाची मागणी वेगळ्या ओळीत करा. तिसरी मागणी विसरलात तर ती आपोआप मिळेल या भरवशावर राहू नका.

१६. पानांना नंबर घाला, तीन संच करा, स्पीड पोस्टानं पाठवा. पत्ता नकारपत्रात अपिलासाठी दिलेला असतो, तोच. एक संच घरी, एक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवायला. पोस्टाची पावती वहीत चिकटवा आणि तिचा मोबाइलवर फोटो काढा, कारण पावतीची शाई उडते. मूळ कागद एकही पाठवायचा नाही.

१७. बोर्डाचं बोलावणं आलं तर ठरलेल्या दिवशी जा. पुण्याचं कमांड हॉस्पिटल असो की मुंबईचं अश्विनी, सैल कपडे घाला, एमआरआयच्या फिल्म मूळ न्या, आणि सकाळी वेदनाशामक गोळी घेतली असेल तर तसं सांगा. झोपवून पाय सरळ उचलतील. कुठे कळ येते तिथे ‘इथे’ म्हणा. कळ नसताना ओरडू नका. थोड्या वेळानं खाटेवर बसवून गप्पा मारता मारता तोच पाय सरळ करायला लावतात, आणि आडवं असताना तीस अंशांवर दुखणारा पाय बसल्यावर आरामात सरळ झाला की डॉक्टर ते लिहून ठेवतात. दुखणं लपवू पण नका. ‘चलता है साब’ ही नोकरीतली सवय त्या खोलीत घेऊन जाऊ नका. किती अंतर चाललं की थांबावं लागतं, किती वेळ बसवतं, रात्री किती वेळा जाग येते, एवढं सांगा.

१८. पहिलं अपील फेटाळलं तर सहा महिन्यांच्या आत दुसरं करा. नव्या नकारपत्रातलं नवं कारण शोधा आणि ९व्या पायरीपासून पुन्हा सुरू करा, जुनंच अपील तारीख बदलून पाठवू नका. अपिलाला सहा महिने उत्तरच आलं नाही, किंवा दुसरंही फेटाळलं, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांसाठी मुंबई खंडपीठ आहे. रेकॉर्ड ऑफिस बेळगावला किंवा सागरला असलं तरी निवृत्त माणसाला आपल्या राहत्या जागेच्या खंडपीठात जाता येतं. इथेही मुदत सहा महिन्यांची.

आता मुदत उलटून गेलेले वाचक. पेन्शन दर महिन्याला देय होते, म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज जोडून न्यायाधिकरणात जाता येतं आणि अशी प्रकरणं ऐकली जातात. थकबाकी मात्र साधारण अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, हा तरसेम सिंग निकालाचा (२००८) हिशेब. म्हणजे बसून राहिलेला प्रत्येक महिना खिशातून जातो.

१९. वकील नेमताना फी आकड्यात ठरवा आणि लिहून घ्या. ‘आता काही देऊ नका, थकबाकी आली की वीस टक्के द्या’ असं कुणी म्हणालं तर उठून या. निकालावर किंवा रकमेच्या वाट्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच मनाई आहे. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलाची चौकशी करा. कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको, आणि एटीएम कार्ड तर कुणालाच नको. हसू नका, असे लोक मागतात.

२०. निकाल तुमच्या बाजूनं लागला की प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला स्वतः पाठवा. वकिलानं पाठवली असेल, तरीही. आदेशात पैसे देण्याची मुदत असते. ती उलटली तर अंमलबजावणीचा अर्ज करायचा.

२१. दुरुस्त पीपीओ आला की स्पर्श पोर्टलवर तीन नोंदी ताडून पाहा: टक्केवारी राउंडिंग ऑफ होऊन आली का, सुरुवातीची तारीख आदेशातलीच आहे का, बँक खातं बरोबर आहे का. चूक दिसली तर त्याच आठवड्यात स्पर्शवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर वहीत लिहा. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला वेळेवर भरा. तो राहिला तर एवढी खटपट करून मिळवलेली विकलांगता पेन्शनही नेहमीच्या पेन्शनबरोबर थांबते.